देशाच्या ताटात ‘ड’ जीवनसत्त्व किती? अन्न सुरक्षा प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय: अन्नातून मिळणाऱ्या ‘ड’ जीवनसत्त्वाचे राष्ट्रीय मोजमाप आणि दूध व तेल यांच्या फोर्टिफिकेशनचे (पोषकद्रव्ये वरून घालण्याचे) नियम.

महोदय,

आपल्या प्राधिकरणाने २०१८ साली अन्नपदार्थांच्या फोर्टिफिकेशनचे नियम अधिसूचित केले. दुधात लिटरमागे ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम आणि खाद्यतेलात ग्रॅममागे ०.११ ते ०.१६ मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घालता येईल, असे त्यात ठरले. असा माल विकणाऱ्या उत्पादकाला पिशवीवर ‘+एफ’ हे चिन्ह छापण्याची मुभाही मिळाली. मी महाविद्यालयात आहारशास्त्र शिकवते आणि हे आकडे दर वर्षी फळ्यावर लिहिते. त्यानंतर विद्यार्थिनींचा ठरलेला प्रश्न येतो, की आपल्या देशातल्या माणसाला अन्नातून सध्या मुळात किती ‘ड’ मिळते, आणि ही भर पडल्यावर ते किती होते? या प्रश्नाला भरवशाचे राष्ट्रीय उत्तर आपल्याकडे नाही. ते मिळवणे शक्य आहे आणि आपल्या अधिकारकक्षेतही बसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली सुधारलेल्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला रोज १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०० युनिट ‘ड’ हवे. सरासरी गरज १० मायक्रोग्रॅम धरली आहे, तर साठीपुढच्यांसाठी शिफारस २० मायक्रोग्रॅमची आहे. आता आपल्याकडचे रोजचे जेवण डोळ्यांपुढे आणावे. पोळी किंवा भाकरी, भात, वरण-आमटी, एखादी भाजी, कोशिंबीर, ताक आणि दोन वेळचा चहा. यातल्या एकाही पदार्थात नैसर्गिकरीत्या मोजण्याजोगे ‘ड’ जवळजवळ नसते. गाईम्हशीच्या दुधात ते असते, पण अगदी नाममात्र. एका अंड्यातून साधारण एक मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळते. खरा साठा असतो तो तेलकट मासळीत. त्यामुळे तारली आणि बांगडा ज्यांच्या घरी आठवड्यातून दोन-तीनदा शिजतो अशा रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या किंवा गोव्यातल्या कुटुंबाचा हिशेब वेगळा निघेल, आणि मराठवाड्यातल्या शाकाहारी कुटुंबाचा पूर्ण वेगळा. राज्याची सरासरी काढली, तर या दोन्ही कुटुंबांविषयी ती काहीच खरे सांगणार नाही. महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याची योजना २०२३ च्या अखेरीस सुरू झाली आणि २०२५ च्या जानेवारीत तिचा सरकारी निधी थांबवण्यात आला. तो विषय आपला नाही, याची मला कल्पना आहे. तरीही त्या निर्णयाच्या दोन्ही बाजूंनी जी चर्चा झाली, तिच्यात पोषणाचे हे गणित फारसे ऐकू आले नाही, एवढे नोंदवते.

आपण ठरवलेल्या पातळ्यांनी या चित्रात किती फरक पडू शकतो, याचा हिशेब साध्या गुणाकाराने करता येतो. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२३-२४ मध्ये देशात माणशी रोज ४७१ ग्रॅम दूध उपलब्ध होते. हे सगळेच्या सगळे दूध फोर्टिफाइड आहे असे क्षणभर मानले, तरी माणशी २.३ ते ३.४ मायक्रोग्रॅम ‘ड’ मिळेल. पंधराच्या शिफारशीशी ताडून पाहिले, तर ते पाव हिश्श्यापेक्षाही कमी भरते. प्रत्यक्षात यातले बरेचसे दूध संघटित डेअरीच्या यंत्रातून जातच नाही. ते गोठ्यातून घरी येते, रतीबवाल्याच्या कॅनमधून येते, किंवा खवा, मिठाई, तूप होऊन दुसरीकडेच जाते. शिवाय उपलब्धता म्हणजे सेवन नव्हे. चाळीतल्या किंवा वस्तीतल्या चौघांच्या घरात दिवसाला अर्ध्या लिटरची एक पिशवी येते आणि ती चहात संपते. ती पिशवी ‘+एफ’ची असली, तर चौघांना मिळून २.५ ते ३.७५ मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रत्येकाला एक मायक्रोग्रॅमहूनही कमी. दूध उकळल्याने ‘ड’ विशेष कमी होत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.

तेलाचे गणित मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. रोज २५ ग्रॅम फोर्टिफाइड तेल पोटात गेले, तर आपल्या पातळ्यांनुसार २.७५ ते ४ मायक्रोग्रॅम मिळतात. म्हणजे ज्या घरात दूध चहापुरतेच येते, त्या घरात दुधाच्या कितीतरी पट ‘ड’ तेलातून मिळू शकते. मात्र यात तीन ‘जर’ आहेत. तेल पॅकबंद आणि फोर्टिफाइड असायला हवे. पुष्कळ घरांत ते सुटे आणले जाते, आणि अलीकडे सुखवस्तू घरांत लाकडी घाण्याचे तेल आवर्जून घेतले जाते. दुसरे, दुकानात ते पारदर्शक बाटलीत उन्हाच्या तिरिपेत महिनोन्‌महिने उभे राहता कामा नये, कारण ‘अ’ आणि ‘ड’ ही दोन्ही जीवनसत्त्वे प्रकाश आणि हवा यांनी ऱ्हास पावतात. तिसरे, जे तेल कढईत पुन्हा पुन्हा तापते आणि शेवटी फेकले जाते, ते विक्रीच्या हिशेबात येत असले, तरी सेवनाच्या हिशेबात येत नाही. यातले किती तेल कोणत्या वाटेने जाते, हे मोजल्याशिवाय ०.११ ते ०.१६ ही पट्टी पुरेशी आहे की अपुरी, हे सांगता येणार नाही.

मोजायचे म्हटले, की पहिली अडचण पायथ्याशीच येते. सेवन काढण्यासाठी दोन गोष्टी लागतात: माणसाने काय आणि किती खाल्ले याची नोंद, आणि त्या पदार्थात काय असते याचे कोष्टक. आपले अधिकृत कोष्टक राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केले. त्यात ५२८ पदार्थांचे पृथक्करण आहे आणि एरवी ते अतिशय मोलाचे काम आहे. परंतु त्यात गहू, मका, नाचणी अशा धान्यांपुढे ‘डी-२’चे (‘ड’च्या दोन मुख्य रूपांपैकी एकाचे) जे आकडे छापले आहेत, ते जसेच्या तसे घेतले, तर १०० ग्रॅम नाचणी प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या शिफारशीहून अधिक ‘ड’ देते, असा निष्कर्ष निघतो. हे खरे असते, तर नाचणीची भाकरी खाणाऱ्या आपल्या डोंगराळ पट्ट्यांत ‘ड’ची कमतरता शोधावी लागली असती. इतर देशांची कोष्टके धान्यांपुढे शून्य किंवा शून्याजवळचा आकडा देतात. धान्यावरच्या बुरशीमुळे थोडे ‘डी-२’ तयार होऊ शकते, हे मान्य. पण म्हणून ते नियमितपणे आणि इतक्या प्रमाणात मिळते असे मानणे धाडसाचे आहे. परिणाम असा होतो, की एखादा संशोधक हे आकडे वापरतो आणि लोकांना भरपूर ‘ड’ मिळते असे दाखवतो, तर दुसरा ते वगळतो आणि जवळजवळ काहीच मिळत नाही असे दाखवतो. लोक तेच, जेवणही तेच, आणि उत्तरे दोन टोकांची. अशा पायावर फोर्टिफिकेशनची पातळी ठरवणे म्हणजे काटा न जुळवता वजन करण्यासारखे आहे. आपण मानके ठरवणारी संस्था आहात, तेव्हा पोषण संस्थेला या रकान्याची स्वतंत्र फेरतपासणी करण्याची विनंती आपणच करू शकता.

दुसरी अडचण नोंदींची. १९७२ साली स्थापन झालेले राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्युरो महाराष्ट्रासह दहा राज्यांत घरोघरी जाऊन लोकांनी आदल्या दिवशी काय खाल्ले याची नोंद घेत असे. मोठमोठे निष्कर्ष त्या नोंदींवर उभे राहिले. २०१५ साली ते बंद झाले. त्यानंतर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण लोक कोणता पदार्थ आठवड्यातून किती वेळा खातात हे विचारते, पण किती ग्रॅम हे विचारत नाही. आणि उपभोग खर्चाचे सर्वेक्षण कुटुंबाने काय विकत घेतले ते सांगते, त्यातले सासूने, सुनेने आणि मुलाने काय खाल्ले ते सांगत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने आहार आणि रक्तातील निर्देशक यांचे एकत्रित सर्वेक्षण हाती घेतले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्याच्या अहवालात ‘ड’चे सेवन वय, लिंग, राज्य आणि आहारपद्धती यांनुसार स्वतंत्र छापले जावे, आणि नैसर्गिक अन्नातून किती, फोर्टिफाइड अन्नातून किती, पुडी-गोळीतून किती असे तीन भाग त्यात वेगळे दिसावेत, असा आग्रह आपण धरावा. हे भाग एकत्र केले, की आपल्या नियमांमुळे काय घडले हे कायमचे झाकले जाते.

‘आपल्याकडे ऊन भरपूर आहे, मग अन्नातून कशाला?’ असा आक्षेप प्रत्येक चर्चेत येतो, आणि तो सरसकट उडवून लावण्यासारखा नाही. ‘ड’चा मोठा भाग त्वचेत उन्हामुळे तयार होतो, आणि आहारातील शिफारशी उन्हाचा लाभ नगण्य आहे असे गृहीत धरून काढलेल्या असतात. म्हणूनच सरासरी गरजेपेक्षा कमी सेवन असणारे लोक मोजले, तर जवळजवळ सारा देश ‘अपुरा’ ठरेल, पण सारा देश आजारी आहे असा त्याचा अर्थ होणार नाही. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणात रक्तातील पातळी मिलिलिटरमागे १२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असलेल्यांचे प्रमाण एक ते चार वर्षांच्या मुलांत १४ टक्के, पाच ते नऊ वयोगटात १८ टक्के आणि दहा ते एकोणीस वयोगटात २४ टक्के आढळले. हा आकडा गंभीरच आहे, पण वर्तमानपत्रांत येणाऱ्या ‘नव्वद टक्के भारतीयांना कमतरता’ या मथळ्यांपासून तो बराच दूर आहे. असे मथळे बहुतेकदा कमतरतेची याहून उंच मर्यादारेषा धरून आणि तपासणीसाठी प्रयोगशाळेत आलेल्यांच्याच नमुन्यांवरून तयार होतात. वयानुसार चढत जाणारे हे प्रमाण मात्र विचार करायला लावते. मूल अंगणात खेळते, पुढे शिकवणीच्या वर्गात बसते, आणि त्यातली मुलगी असेल तर त्याहून लवकर घरात येते. सावळी त्वचा, दाटीच्या इमारती, शहरांवरची धुरकट हवा आणि अंगभर कपडे या कारणांची यादी सर्वांना पाठ आहे. एका कारणाचा उल्लेख मात्र क्वचित होतो. आहारात कॅल्शियम कमी आणि कोंड्यातले फायटेट (खनिजांचे शोषण रोखणारे द्रव्य) जास्त असेल, तर शरीर साठवलेले ‘ड’ अधिक वेगाने खर्च करते. म्हणजे ‘ड’चे सेवन एकटे मोजून भागत नाही, शेजारी कॅल्शियमचा रकानाही हवा.

या बाबतीत ब्रिटनचा एक जुना अनुभव आपल्या लोकांशी थेट निगडित आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत ग्लासगोसारख्या शहरांत स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांत मुलांचा मुडदूस आणि मोठ्यांची अस्थिमृदुता ठळकपणे दिसू लागली. तिथल्या मार्गारिनमध्ये, म्हणजे लोण्याऐवजी ब्रेडला लावायच्या स्निग्ध पदार्थात, ‘ड’ घातलेले असे, पण ही कुटुंबे मार्गारिन कितीशी खात होती? तेव्हा चपातीच्या पिठात ‘ड’ मिसळून पाहण्याचे प्रयोगही झाले. सरकारने तो मार्ग पुढे स्वीकारला नाही. ग्लासगोने थेंब आणि गोळ्या वाटण्याची मोहीम काढली. जो पदार्थ लोक खात नाहीत त्यात जीवनसत्त्व घालून उपयोग नसतो, ही गोष्ट तिथल्या आहारतज्ज्ञांना आपल्या लोकांच्या हाडांवरून कळली. आपल्याकडे दूध न घेणाऱ्या घरांची तीच स्थिती आहे.

मोजून पावले टाकली म्हणजे काय होते, हे फिनलंडने दाखवले. २००३ साली तिथे दूध आणि पोळीवर, म्हणजे त्यांच्या ब्रेडवर, लावायच्या स्निग्ध पदार्थांत ‘ड’ घालायला सुरुवात झाली. सेवनाची आणि रक्तातल्या पातळीची सर्वेक्षणे चालूच होती. भर पुरेशी पडत नाही असे दिसल्यावर २०१० मध्ये पातळ्या दुप्पट केल्या गेल्या. प्रौढांच्या रक्तातील सरासरी २००० साली लिटरमागे ४८ नॅनोमोल होती, ती २०११ मध्ये ६५ झाली. आपल्याला त्यांची पातळी उचलायची नाही. त्यांचा हिवाळा वेगळा, त्यांचे दुधाचे पेलेही वेगळे. उचलण्यासारखी आहे ती पद्धत: घाला, मोजा, सुधारा. आपल्याकडे २०१८ ला ‘घाला’ झाले, आणि तेही ऐच्छिक.

सरसकट सक्तीविरुद्ध २०२१ मध्ये काही शास्त्रज्ञ, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी आपल्याला लिहिले होते. त्यातल्या काही भीती मला अतिरंजित वाटतात, पण जादा मात्रेविषयीची काळजी रास्त आहे. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधात आणि अन्नात मिळून इतके ‘ड’ जमू लागले, की रक्तातले कॅल्शियम धोकादायकरीत्या वाढलेली बालके आढळली आणि सरकारला मात्रा कमी करावी लागली. आपल्याकडे धोका दुधाच्या पिशवीपेक्षा औषधाच्या दुकानातून येतो. आठवड्याला एक अशी ठरावीक काळापुरती दिलेली ६०,००० युनिटची पुडी अनेक जण गुण येतो म्हणून परस्पर घेत राहतात. एका पुडीत जितके ‘ड’ असते, तितके मिळवायला फोर्टिफाइड दूध किमान दोनशे लिटर प्यावे लागेल. त्यामुळे मोजमाप दोन्ही टोकांना हवे. सरासरी गरजेच्या खाली किती टक्के लोक आहेत आणि प्रौढांसाठीच्या १०० मायक्रोग्रॅमच्या वरच्या मर्यादेपलीकडे किती, हे दोन्ही आकडे शेजारी छापले, तर फोर्टिफिकेशनच्या समर्थकांना आणि विरोधकांना एकाच कागदावर बोलता येईल.

‘+एफ’ चिन्हावर लोकांनी विश्वास ठेवायचा, तर पिशवीतले ‘ड’ प्रत्यक्षात तपासले जायला हवे. आपण २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेऊन जे सर्वेक्षण केले, त्याचा रोख भेसळ, अफ्लाटॉक्सिन (बुरशीपासून तयार होणारे विष) आणि प्रतिजैविकांचे अंश यांवर होता, आणि अफ्लाटॉक्सिनचा प्रश्न त्यातूनच ठळक झाला. तसेच सर्वेक्षण आता फोर्टिफाइड दूध-तेलासाठी करावे. एका लिटरात ५ मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दोन लाखावा भाग. इतके सूक्ष्म प्रमाण अचूक मोजणाऱ्या प्रयोगशाळा किती आणि कुठे आहेत, हेही त्यातून समोर येईल. नमुने डेअरीच्या दारात घेऊन चालणार नाही. ते किराणा दुकानाच्या फळीवरून, तेलाची मुदत संपत आली असताना, आणि मे महिन्यात विदर्भातून घेतलेले असावेत. निष्कर्ष कंपनीच्या नावासह प्रसिद्ध करावेत. लिटरमागे काही पैसे इतकाच हा खर्च येतो असे आपण उत्पादकांना सांगत आलात. ते पैसे खर्च होऊन जीवनसत्त्व पिशवीत पडते आहे का, हे ग्राहकाला कळणे न्याय्य आहे.

लेबलविषयीही एक मागणी आहे. आपल्या २०२० च्या लेबल नियमांत ऊर्जा, प्रथिने, साखर, स्निग्धांश, सोडियम यांची नोंद सक्तीची आहे, ‘ड’ची मात्र सरसकट नाही. अमेरिकेने २०१६ मध्ये ती सक्तीची केली. दूध, दही, तेल, न्याहारीचे धान्य आणि लहान मुलांची पेयपावडर एवढ्या गटांपुरते तरी ‘ड’चे प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये, आणि शिफारशीच्या किती टक्के, असे छापणे आपण बंधनकारक करावे. ते ‘डी-२’ आहे की ‘डी-३’ हेही लिहावे, कारण रक्तातली पातळी वाढवण्यात ‘डी-३’ अधिक प्रभावी ठरते, आणि ‘डी-३’ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनते, ही गोष्ट अनेक शाकाहारी कुटुंबांना निवड करण्यापूर्वी माहीत असावीशी वाटेल. ‘भरपूर जीवनसत्त्वे’ असे मोठ्या अक्षरांत छापून एका पेल्यात शिफारशीचा दहावा हिस्सा देणाऱ्या पावडरींना यामुळे थोडी अडचण होईल, ती होऊ द्यावी.

पॅकबंद टोन्ड दूध आणि पॅकबंद खाद्यतेल यांच्यापुरते फोर्टिफिकेशन सक्तीचे करण्याच्या बाजूने माझे मत आहे, हे मी लपवत नाही. वनस्पती तुपात ‘अ’ जीवनसत्त्व घालणे या देशाने १९५० च्या दशकातच बंधनकारक केले होते, तेव्हा कल्पना नवीन नाही. परंतु सक्तीचा मसुदा प्रसिद्ध करण्याआधी वर मागितलेली तीन कामे व्हावीत: कोष्टकातल्या ‘ड’च्या रकान्याची फेरतपासणी, सेवनाचे विभागवार आकडे आणि बाजारातील नमुन्यांची तपासणी. ती कोणाकडे सोपवली आणि केव्हापर्यंत होतील, याची तारखांसह नोंद आपल्या संकेतस्थळावर, हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी आणि इतर राज्यभाषांतही, लावावी. नोंद लागल्यावर मी ती पुढच्या तुकडीला वर्गात वाचून दाखवीन, आणि त्यावर विद्यार्थिनींचे जे प्रश्न येतील ते आपल्याला लेखी पाठवीन.

आपली,
आहारशास्त्राची एक शिक्षिका,
पुणे